दिवे कशासाठी सोडले होते

शनिवारी शाळेत जपानी कार्टून दाखवणारे गुरुजी, अशी माझी तालुक्यात ओळख होती. निरोप समारंभात चित्रपटांतून संस्कार करणारा शिक्षक म्हणून माझं कौतुक झालं आणि मी हार घालून ते ऐकून घेतलं. त्या शनिवारांपैकी एकाबद्दल आता लिहून ठेवायला हवं.

महागाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर माझी शाळा होती. कापसाची ती वाईट वर्षं होती. पुण्याचा माझा भाचा सीडी पाठवायचा. बोलणं जपानी, खाली इंग्रजी ओळी. पोरांना दोन्ही कळत नसे. मी टीव्हीजवळ स्टुलावर बसून आपल्या बोलीत गोष्ट सांगत जायचो. त्या चित्रपटांत लहान मुली भांडी घासत, थकत, रुसत. वाईट माणूस पुरता वाईट नसे. उठून उपदेश कोणीच करत नसे, आणि नेमकं तेच माझ्यातल्या मास्तराला सोसत नसे. मी मध्येच बोध घुसडायचो. पोरं हसायची. ‘गुरुजी, थे पोरगी तर गुमसुम बसून हाय, तुमी एवढं कुठून आनलं?’

चौथीत एक मुलगी होती. तिचे वडील कपाशीवर फवारणी करताना विष चढून यवतमाळच्या दवाखान्यात वारले. ती तेव्हा मामाकडे होती. परत आल्यावर तिच्या आईने, ती आईला याडी म्हणे, बाप ऊसतोडीला गेला असं सांगितलं. सगळ्या तांड्याने तेच धरून ठेवलं. मीही.

त्या शनिवारच्या चित्रपटात एका कोळ्याची मुलगी होती. वादळात गेलेल्या बापाच्या चपला ती रोज दारात पुसून ठेवते. घरात कोणी काही बोलत नाही. शेवटी आजी तिला जवळ घेऊन खरं सांगते, आणि सगळं गाव नदीवर जाऊन मेलेल्यांना निरोप द्यायला कागदी दिवे पाण्यात सोडतं. आजीचं बोलणं सुरू झालं तसं माझं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. तांड्यावरची ती मुलगी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. खालच्या ओळी मी वाचल्या, मला त्या नीट कळल्या, आणि मी म्हणालो, ‘आजी सांगून राह्यली का बाप दूर गेला हाय. दिवे सोडले का त्याले घरची वाट दिसते.’

तिच्यावर दया आली म्हणून बोललो, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे ती उठून मलाच विचारेल याची भीती वाटली होती.

सोमवारपासून ती संध्याकाळी नाल्यावर जाऊ लागली. पळसाच्या पानांच्या द्रोणात दिवा ठेवून पाण्यात सोडायची. तेल याडीच द्यायची. एकदा रस्त्यात भेटली तेव्हा मला म्हणाली, ‘बरं केलं गुरुजी, आता काही दिवस इचारनार नाही थे.’ नाला आटला तेव्हा पोरगी कोरड्या रेतीवर दिवा ठेवून यायची. मी त्याच रस्त्याने सायकलवर घरी जायचो. थांबलो नाही.

मग मधल्या सुट्टीत भांडण झालं आणि एक पोरगी तिला सगळ्यांसमोर म्हणाली, ‘तुया बाप मेला हाय. नाल्यात दिवे कायले सोडतं?’ ती रडली नाही. शनिवारी यायची मात्र बंद झाली.

यंदा उन्हाळ्यात ती माझ्या घरी आली. आता अंगणवाडीत कामाला आहे. बरोबर तिची मुलगी होती, तेव्हा ती होती तेवढीच. चहा झाल्यावर म्हणाली, तोच पिच्चर मोबाइलवर हिंदीत सापडला. ‘गुरुजी, थे दिवे वाट दाखवाले नव्हते. निरोपाचे होते.’ आणि लगेच मलाच सावरून घेतलं. तुमचं तरी काय चुकलं, म्हणाली, तेव्हा इंग्रजी कोणाला येत होतं. लहानपणी सगळ्या तांड्याचा राग आला, तुमचा आला नाही, कारण तुम्हाला कळलंच नसेल.

मान हलवली असती तर भागलं असतं. हार घालून घेतला होता तसंच.

‘मले येत होतं,’ मी म्हणालो. ‘समदं वाचलं होतं मी.’

‘तवाच?’

‘तवाच.’

मी माफी मागितली. तिने मुलीला अंगणातून हाक मारली, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, चित्रपट लावला आणि आवाज बंद केला.

‘इले तिच्या आज्याचं अजून सांगतलं नाही मी,’ ती म्हणाली. ‘तुमी सांगा पिच्चर. जसा हाय तसा.’

मी सांगू लागलो. चपला आल्या, आजी आली. ‘बाप मेला हाय,’ मी म्हणालो. पोरीने पडद्यावरून नजर काढून आईकडे पाहिलं. आईने तिला जवळ ओढलं. पुढे दिवे आले. ते कशासाठी सोडले, तेवढंच सांगितलं आणि गप्प बसलो.