तापलेलं गवत

आमच्या गल्लीच्या टोकाला नवी इमारत उभी राहिली आहे. आज दुपारी तिच्या फाटकाशी टेम्पो थांबला आणि सतरंज्या उतराव्यात तशा त्यातून हिरव्यागार प्लास्टिकच्या गवताच्या गुंडाळ्या उतरल्या. उन्हात पडल्या पडल्या त्यांना वास सुटला; तापलेल्या रबराचा, किंचित गोडसर, घशात अडकून राहणारा. मी खिडकी लावून घेतली. तरी तो आत आलाच, आणि त्याच्या मागोमाग दुष्काळाची ती वर्षंही आली.

वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर यांनी पहिलं काम केलं ते दारापुढच्या तुकड्यात हिरवळ लावायचं. यांचं घराणं मेंढपाळांचं. पाऊस लांबला की बिऱ्हाड पाठीवर टाकून गवतामागं हिंडायचं, असं यांचं बालपण गेलं. पुढं उभी हयात पाळीच्या बसमध्ये आणि यंत्रांच्या घरघरीत सरली, पण मनाच्या कुठल्याशा कोपऱ्यात एक कुरण शिल्लक राहिलं असावं. सकाळी हिरवळीवर अनवाणी फिरताना म्हणायचे, "बापाला गवतासाठी कोसच्या कोस तुडवावे लागायचे. माझ्या तर दारातच उगवलंय बघ." साखरेचा आजार तेव्हा यांच्या अंगी चांगलाच मुरला होता. दवाचा गारवा तळव्यांना लागतो का, असं मी सहज विचारायची. "लागतो की," म्हणायचे. पुढं पुढं या उत्तराला थोडा वेळ लागू लागला, आणि त्या थोड्या वेळाची मला धास्ती वाटू लागली.

मग लागोपाठ पाऊस हुकला. शहर मात्र थांबायचं नाव घेईना. ज्या माळावर संध्याकाळी तितर ओरडायचे तिथं वसाहती आल्या, आणि प्रत्येक वसाहतीनं जमिनीच्या पोटात आपापली बोअर उतरवली. नळ आठवड्यानं यायचा, कधी त्याहूनही उशिरा. गुलमंडीत कापड घ्यायला गेलं तर दुकानदार आधी विचारायचा, "तुमच्याकडं पाणी आलं का?" आमची बोअर आधी गढूळ झाली, मग नुसतीच हवा ओढू लागली. हे कपडे धुतलेलं पाणी बादलीबादलीनं गवताला घालायचे. तरी ते कडेकडेनं पिवळं पडतच गेलं. एका सकाळी टँकरवरून रिकामीच घागर घेऊन परतणारी शेजारीण कुंपणापाशी थांबली.

"भाऊ, राग धरू नका. पण गवताला पाणी पडताना बघून लई जीव तुटतो."

"धुण्याचं हाय, ताई," हे म्हणाले.

"व्हय, आमच्याकडं धुण्याचं बी नाय," ती म्हणाली आणि निघून गेली.

यांनी बादली खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी हिरवळ स्वतःच खणून काढली आणि थोड्याच दिवसांत त्या जागी प्लास्टिकचं गवत अंथरून घेतलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. दारात हिरवं दिसत होतं आणि कुणाच्या नजरेला नजर देताना संकोच वाटत नव्हता.

चैत्रातली एक दुपार. दोरीवरच्या चादरी वाऱ्यानं उडून गवतावर पडल्या. हे तसेच अनवाणी बाहेर गेले आणि तिथंच उभे राहून सावकाश घड्या घालू लागले. मी मदतीला म्हणून पायात चपला सरकवून गेले, उशीचा अभ्रा उचलायला वाकले आणि चटका बसून हात मागं घेतला. प्लास्टिकचं गवत नव्हे, तवाच होता तो.

"अहो, पाय भाजतायत तुमचे!"

"कुठं? काय नाय," म्हणत ते हसले.

मी हाताला धरून त्यांना आत आणलं, खुर्चीत बसवून पाय वर घेतला. तळव्यावर टरटरून फोड आले होते, अंगठ्याखालची कातडी सुटली होती. दुसऱ्याच कुणाचा पाय पाहावा तसे ते तो पाहत राहिले.

डॉक्टर म्हणाले, पायांची जाणीव गेली आहे. जखम चिघळली तर अंगठा काढावा लागेल. मग सगळा उन्हाळा मी पट्टी सोडताना श्वास रोखून धरला. जखमेचा रंग पाहायची, वास घ्यायची, आणि माझा चेहरा त्यांना वाचता येऊ नये म्हणून मान खाली ठेवायची. एकदा पट्टी बांधता बांधता ते हळूच म्हणाले, "मेंढ्यांमागं पळताना काटा मोडला की मी रडायचो. बाप म्हणायचा, दुखतंय ना, मंग पाय जित्ता हाय."  मी गाठ मारत राहिले.

अंगठा वाचला. प्लास्टिक उचललं. आता तिथं मुरूम पसरला आहे, कडेनं कोरफड आणि चिनी गुलाब आहेत. तांब्याभर पाण्यावर भागतं त्यांचं. हे घरातसुद्धा जाड तळाची चप्पल घालतात. उन्हाळे अजून तसेच येतात, टँकर तसेच धावतात, शहर आणखी पुढं सरकलेलं असतं. ज्याची भीती वाटते ते एकदा टळलं म्हणून ती संपत नाही. ती घरातल्या माणसासारखी आपल्याजवळ बसायला शिकते. रोज संध्याकाळी दिवा लागला की मी त्यांचा पाय मांडीवर घेते आणि बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत निरखते.

"काय दिसतंय?" ते विचारतात.

"काही नाही," मी म्हणते, आणि पुन्हा एकदा पाहते.