शामरावांची दाढी

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत शामरावांचं नाव निघालं की आधी त्यांचा गुळगुळीत चेहरा डोळ्यांपुढे यायचा. जन्म गेला गिरणीच्या रिंग खात्यात, सूतकताईत. केसांत कापूस, सदऱ्यावर कापूस, पण गालावर खुंट म्हणून कधी कुणी पाहिला नाही. पहिला भोंगा व्हायच्या आत ते खिडकीच्या गजाला आरसा अडकवायचे आणि स्वतःच्या हाताने, वस्तऱ्याने दाढी करायचे. न्हाव्याकडे कधी जात नसत. का जात नाहीत ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या सुनेने, कौसल्येनेही कधी विचारलं नव्हतं. सासऱ्याशी तिचं बोलणं ते किती? डोक्यावरचा पदर सावरून, अर्ध्या आवाजात, "मामा, ताट वाढलंय." संपलं. सासू तिच्या लग्नाआधीच वारलेली, त्यामुळे मध्ये निरोप्याही कुणी नव्हता.

पंचावन्न सालच्या पावसाळ्यात शामरावांचं उजवं अंग गेलं. हात लुळा पडला, पाय फरफटायला लागला, ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला. बोलणं जड झालं, पण डोकं ठिकाणावर होतं. दाढीचं काम मग त्यांच्या मुलाकडे, जगदीशकडे आलं. जगदीश गोदीत कामाला होता. रविवारी सकाळी तो बापाला खिडकीत बसवायचा आणि घाईघाईने का होईना, दाढी उरकायचा.

पुढच्या वर्षी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह सुरू झाले. गोदीतल्या माणसांची तुकडी निघाली, तीत जगदीशही होता. जाताना बापाच्या पाया पडला, "आबा, येतो जाऊन," म्हणाला, आणि कोर्टाने त्याला काही महिन्यांसाठी आत पाठवलं.

पहिला रविवार आला. कौसल्या मोरीत भांडी घासत होती. मागे काहीतरी खणकन पडल्याचा आवाज झाला. वळून बघते तो शामराव आरशासमोर बसलेले, डाव्या हातातून वस्तरा निसटलेला आणि हनुवटीवरून रक्ताची धार लागलेली. ती ओल्या हातांनीच धावली. तुरटीचा खडा घेतला आणि त्यांच्या हनुवटीवर दाबून धरला. रक्त थांबेपर्यंत धरून ठेवला. सासऱ्याच्या चेहऱ्याला आपण हात लावलाय हे तिच्या ध्यानात आलं ते हात काढून घेतल्यावर.

"र्‍हाव दे आता," शामराव म्हणाले. "जगा आला की बघू."

तिने वस्तरा फडक्यात गुंडाळून फळीवर, वरच्या पेटीमागे ठेवला.

दाढी वाढायला लागली. खाली नाक्यावर सीताराम न्हाव्याचं दुकान होतं. भला माणूस. शामरावांची हकिकत कळल्यावर तो आपणहून धोकटी घेऊन वर आला. "बाबा, बसा. दोन मिनिटांचं काम. पैशाचं नाव काढू नका." शामरावांनी हात जोडले, चहा पाजला आणि तसंच परत पाठवलं. सीतारामला राग आला नाही. उलट जाताना एका सुवासिक तेलाची बाटली देऊन गेला. म्हणाला, "ठेवायचीच असेल तर नीट ठेवा. ह्याने मऊ राहील."

मग कौसल्येने ठरवलं, दाढी राहायची तर नीटनेटकी राहू दे. पण दाढी सांभाळायचं तिला काय ठाऊक? शेजारच्या कमळाबाईने सांगितलं, "एरंडेल लाव गो. दाट होते, काळीभोर होते." एरंडेल लावलं तर सगळी दाढी चिकट झाली आणि दिवसभर माश्या घोंगावल्या. सीतारामचं तेल लावलं तर खोलीभर घमघमाट सुटला, पण दाढीखाली लाल चट्टे उठले आणि शामराव डाव्या हाताने खाजवून बेजार झाले. शेवटी तिला आपल्या आईचं घरगुती औषध आठवलं. खोबरेलात कडुलिंबाचा पाला कढवला, गाळला, थंड केला. रिठ्याच्या कोमट पाण्यात फडकं बुडवून शामरावांच्या हाती द्यायची, ते स्वतः पुसायचे. मग तेलाची वाटी आणि बारीक दातांची फणी त्यांच्यापुढे सरकवायची. चट्टे मावळले. डावी बाजू ते छान विंचरायचे. उजवीकडे हात पोचायचा नाही आणि पोचला तरी गालाला काही कळायचं नाही. त्या बाजूची दाढी रानासारखी वाढली.

एके दुपारी जेवताना त्यांची नात शैला समोर बसली होती. चार वर्षांची पोर, मनात येईल ते बोलायची. आजोबांकडे बघून खुदकन हसली, "आजोबा, तुमच्या दाढीत भात!"

शामरावांनी डाव्या बाजूला हात फिरवला. तिथे काही नव्हतं. उजवीकडे तीन-चार शितं अडकली होती, आमटीचा ओघळ मानेपर्यंत आला होता, आणि त्यांना त्यातलं काहीच जाणवलं नव्हतं. कौसल्येने पोरीला डोळ्यांनी दटावलं. शामराव हसल्यासारखं करून ताटावरून उठले.

त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. ताट वाढलं की म्हणायचे, "भूक नाय. झाकून ठेव." मागून कधीतरी भिंतीकडे तोंड करून दोन घास खायचे. आठवड्याभरात गालफडं बसली. कौसल्येला आधी वाटलं, लेकाची आठवण येतेय. मग एकदा ती पाणी भरून अवचित आत आली, तर म्हातारा धोतराच्या सोग्याने उजवा गाल पुन्हा पुन्हा पुसत होता. लागलेलं नव्हतंच काही. तरी पुसत होता. ती दारातूनच मागे फिरली, कमळाबाईच्या खोलीत जाऊन बसली आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

"मीच करते त्यांची दाढी," ती म्हणाली.

"सून? सासऱ्याची?" कमळाबाईने गालावर बोट टेकवलं. "लोक काय म्हणतील गो?"

"लोकांच्या दाढीत शितं अडकत नाहीत."

दुसऱ्या दिवशी ती नाक्यावरच्या दुकानात गेली. बाईमाणूस दाढीचं सामान मागतंय म्हटल्यावर दुकानदार जरा घुटमळला. मग त्याने एकेक वस्तू समोर मांडली. वस्तरा तिला नकोच होता. तिने पातीचं मशीन मागितलं, ते उघडायचं कसं, पाती बसवायची कशी, पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. ब्रश तीन तऱ्हेचे होते. तिने एकेक आपल्या गालावर फिरवून पाहिला. पहिला खराट्यासारखा टोचला. दुसऱ्याचे केस हातात आले. तिसरा मऊ होता, तो तिने घेतला. साबणाची गोल वडी घेतली. ट्यूबमधल्या क्रीमचा वास तिला तेलाच्या बाटलीसारखा वाटला, आणि पुन्हा चट्टे उठले तर काय, म्हणून ते परत केलं.

घरी येताना एक कोवळा कोहळा आणला. कोवळ्या कोहळ्यावर बारीक लव असते. शामराव दुपारचे झोपले तशी ती मोरीत बसली, कोहळ्याला साबणाचा फेस फासला आणि मशीन चालवायला लागली. पहिल्या फेरीत साल निघाली. दुसऱ्या फेरीत कमी निघाली. कमळाबाई मागून येऊन उभी राहिली होती. तिला हसू आवरेना. "अगो बाय! कोहळ्याची हजामत?"

"हळू बोला. उठतील."

"मिशा ठेव हो त्याला."

दोघी तोंडात पदर कोंबून हसल्या. त्या आठवड्यात घरात दोनदा कोहळ्याची भाजी झाली.

रविवारी तिने गरम पाणी, ब्रश, साबण, मशीन, तुरटी सगळं ताटात मांडून शामरावांपुढे ठेवलं. ते ताटाकडे बघत राहिले, मग तिच्याकडे.

"सीतारामाक बोलावलंस?"

"नाही मामा. मी करणार."

"नको. सुनेने सासऱ्याच्या तोंडाक हात लावायचा नसतो."

कौसल्येने पदर डोक्यावर घट्ट ओढला. तिने बोलून टाकलं. "तुम्ही पोटभर जेवत नाही. मला कळलंय का जेवत नाही ते. हे येतील तेव्हा त्यांना मी काय सांगू? आबा खंगले, कारण मला लाज वाटत होती?"

शामरावांनी ताटातला ब्रश उचलून पुन्हा जागेवर ठेवला. मग जड जिभेने, शब्द जुळवत बोलायला लागले. इतकं लांब बोलणं तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

गावाकडे न्हावी त्यांच्या वाडीत येत नसे. जनावरांचे केस भादरायचा, ह्यांचे नाही. आपली आपणच एकमेकांची डोकी करायची. मुंबईला आले, गिरणीत लागले, पहिला पगार झाला तेव्हा एका सलूनच्या खुर्चीत जाऊन बसले. समोर एवढा मोठा आरसा. न्हाव्याने गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि सहज गाव विचारलं. गाव सांगितलं. मग वाडी विचारली. तीही सांगितली. त्याने काही न बोलता कापड सोडलं, झटकलं, घडी करून ठेवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

"शिवी दिली असती तर मी पण दिली असती," शामराव म्हणाले. "पण तो काय बोललाच नाय. मी रस्त्यावर आलो, वस्तरा विकत घेतला. ठरवलं, माझ्या तोंडाक परक्याचा हात नको." मग म्हणाले, "सीताराम वायट नाय. मला ठाऊक हाय. पण मन ऐकत नाय."

"मी परकी आहे का मामा?"

म्हाताऱ्याने मान हलवली. मग हळूच हनुवटी वर केली.

वाढलेली दाढी आधी कात्रीने कापावी लागली. राखाडी झुबके मांडीवरच्या पंचात पडत गेले. मग तिने गरम पाण्याचं फडकं गालांवर धरलं आणि फेस केला. डावी बाजू सोपी गेली, शामराव स्वतः गाल फुगवून देत होते. उजवीकडे मात्र कातडी सैल, लोंबती. कोहळ्याने हे काही शिकवलं नव्हतं. कापलं तर त्यांना कळणारही नव्हतं. तिने अंगठ्याने गाल कानाकडे ताणून धरला आणि मशीन बोटभर खाली ओढलं. धुतलं. पुन्हा बोटभर. त्या गालातली जाण जणू तिच्या अंगठ्यात आली होती. सगळं व्हायला सकाळ सरली. ओठाखाली थोडं राहिलं, कानापाशी एक ओरखडा गेला. तुरटी फिरवून तिने त्यांना आरसा दाखवला.

शामरावांनी डाव्या हाताने आधी डावा गाल चाचपला, मग हात लांबवून उजवा.

"जेवायला काय केलंस?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी ते शैलाच्या शेजारी बसून, दोनदा भात मागून जेवले.

जगदीश सुटून आला तेव्हा चाळीने त्याला हार घातले. पहिल्याच रविवारी त्याने बाह्या सरसावल्या, "आबा, बसा." शामराव मुकाट बसले. कौसल्या चुलीपाशी होती. बापाच्या हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त आलेलं तिने पाहिलं, शामरावांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिने तुरटीचा खडा पुढे केला. पुढच्या रविवारी मात्र सकाळपासून शामरावांनी धोशा लावला. "जगा, तुझी मिटिंग नाय? जा, उशीर होईल. लोक खोळंबतील." त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. जगदीश बिचारा डबल उत्साहाने मिटिंगला जायचा. परत आला की बापाची दाढी झालेली असायची.

एकदा मिटिंग रद्द झाली आणि तो अर्ध्या वाटेतून परतला. दारात उभा राहून त्याने पाहिलं. बाप डोळे मिटून बसलेला, बायको त्याचा गाल ताणून मन लावून काम करतेय. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मग तो हसला.

"माझा हात जड पडतो होय आबा?"

"तुझा हात झेंड्याचा," शामराव फेसातून म्हणाले. "झेंडा धर."

त्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. चाळीत चुली पेटल्या नाहीत. माणसं दादरच्या चौपाटीकडे लोटली, जगदीशही गेला. शामराव भिंतीला टेकून बसून राहिले. त्यांनी दाढीला नाही म्हटलं, कौसल्येनेही आग्रह धरला नाही. दुःखाची दाढी होती, वाढू दिली. पुढे चाळीमागच्या मैदानात बौद्ध धम्माच्या दीक्षेचा कार्यक्रम ठरला, तेव्हा आदल्या संध्याकाळी त्यांनी तिला बोलावलं. "उद्या सकाळी कर. सफेद कपड्यावर चांगलं दिसाक हवं." सकाळी त्यांना खुर्चीसकट खाली नेलं. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या गर्दीत कौसल्या बायकांमध्ये उभी होती. डोक्यावरचा पदर सरकून खांद्यावर आलेला तिच्या लक्षातही आला नाही. नंतर तिने तो घरात पुन्हा डोक्यावर घेतला नाही, आणि शामरावांनीही तो कुठे गेला म्हणून विचारलं नाही.

वर्षं गेली. शामराव आणखी थकले. शैला शाळेत जायला लागली. साठ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं आणि सगळ्या गिरणगावाने दिवाळी केली. चाळीला पताका लागल्या, खाली ढोल-ताशे वाजायला लागले. जगदीश सकाळपासून पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरत होता. "आबांना तयार ठेव," तो जिन्यातून ओरडून गेला, "संध्याकाळी खाली न्यायचंय. बसायला पुढची जागा ठेवलीय."

रविवार होता, दाढीचाच दिवस. कौसल्येने पाणी गरम केलं. उजवा गाल झाला. ब्रश डाव्या गालावर गोल गोल फिरत होता, तेव्हा शामरावांची मान हळूहळू तिच्या तळव्यावर कलली. तिला वाटलं, पुन्हा झटका आला की काय. वाकून पाहिलं, तर म्हातारा घोरत होता. खाली एवढा ढोल वाजतोय आणि हा माणूस तिच्या हातावर झोपलाय.

तिने हात हलवला नाही. त्यांचं डोकं तसंच पेलून, दुसऱ्या हाताने एकेक पट्टा काढत उरलेला गाल पुरा केला, फडक्याने फेस टिपला आणि उशी सरकवून त्यांना आडवं केलं.

जगदीश गुलालाने माखलेला धावत वर आला. "झाले का तयार?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. "झोपू दे त्यांना. उठले की नेऊ."

जगदीश दारातच थांबला. मग चपला काढून आत आला आणि बापाच्या पायथ्याशी, तिच्या शेजारी बसला.