धक्का बसता कामा नये

सासऱ्यांना दौंडच्या दवाखान्यातून दोन आठवड्यांनी घरी सोडायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी सासूबाईंना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हृदय नाजूक झालंय. यांना धक्का बसता कामा नये." सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या माझ्या पिकअपकडे पाहिलं आणि माझ्याच छातीत धस्स झालं.

आमच्या न्हावऱ्याचे कांदे दौंड स्टेशनवर पोचवायला मी ती मिलिटरीच्या लिलावातून घेतली होती. तिचे पाटे, म्हणजे चाकांवर एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या, बहुधा तोफगोळे वाहायच्या हिशोबानं बनवलेले. पोती भरली की गुमान चालायची. रिकामी असली की खड्ड्यागणिक उडायची आणि आतल्या माणसाचं डोकं टपाला लागायचं. असल्या गाडीतून नाजूक हृदयाचा माणूस आणायचा? मी तडक स्टेशनामागच्या मिस्त्रीकडे गेलो.

"निम्मे पाटे काढून टाका."

"काढतो की. पर मग पोती भरू नका, गाडी बूड टेकंल," मिस्त्री म्हणाला. "आन् भंगारातल्या एका मोटारीचे शॉक हायेत. बसवू?"

"अहो, शॉक बसू नये म्हणून तर आलोय मी!"

मिस्त्री मला आपादमस्तक न्याहाळत राहिला. मग त्यानं समजावलं की शॉक म्हणजे गाडीचे गचके गिळणारी नळकांडी. तीही बसवली. पाट्यांखाली जुन्या टायरचे जाड तुकडे घातले, सीटवर घरची गादी अंथरली. चाचणी घ्यायला निघालो तर गाडी अशी झुलली की मलाच डुलकी लागायची वेळ.

सासरे आमच्याच गावचे आणि गावच्या सोसायटीचे कायमचे चेअरमन. ते खाटेवर असतानाच तिची निवडणूक लागली. सगळं गाव त्या धामधुमीत होतं, मी मात्र गाडीखाली. सासूबाई येता-जाता बजावायच्या, "जावईबापू, धक्का बसू देऊ नका बरं का."

"मामी, निश्चिंत राहा. निम्मे पाटे काढलेत!"

त्या गोंधळून बघायच्या. मला वाटायचं, बायकांना यंत्रातलं काय कळणार.

निकाल लागला. आमचे वडील, म्हणजे आबा, चेअरमन झाले. गुलाल धुऊन ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "इवायांना आणायला चाललास. धक्क्याचं ध्यानात हाय न्हवं?"

"चार शॉक बसवलेत, आबा!"

आबा तोंडाचा आ करून उभेच राहिले. गावाला माझ्या कामगिरीचा एवढा अचंबा वाटतोय म्हणून मी आणखी फुगलो.

दौंडहून निघालो. सासरे माझ्या शेजारी गादीवर, सासूबाई मागे हौद्यात गाठोड्यांपाशी. दोघांच्या मधली काच कधीच फुटून गेली होती. केडगाव मागं पडलं तरी एकही गचका नाही.

"पाव्हणं," सासरे डोळे मिटून म्हणाले, "पाळण्यात घातल्यावानी वाटतंय बघा."

झालं. कौतुकानं माझी जीभ सैल सुटली. "आता आरामच करा, मामा. सोसायटीची कटकट आमच्या आबांच्या गळ्यात पडलीच आहे."

सासऱ्यांनी डोळे उघडले. "कुणाच्या गळ्यात?"

"आबांच्या. चेअरमन झाले ना ते!"

मागून किंकाळी आली. फुटक्या काचेतून सासूबाईंचा हात आला आणि माझी मानगूट धरली. "आवो, डाक्टर ह्या धक्क्याचं सांगत व्हता! रस्त्याच्या न्हवं!"

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक. मी करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण त्या मऊ पाट्यांवर पुढे-मागे झुलतच राहिली आणि तिच्याबरोबर सासऱ्यांची मान. गेले, मला वाटलं. एक गचका न लागता मी माणूस मारला.

"मामा," मी कसाबसा म्हणालो, "पाणी देऊ?"

"तुमी प्या. लटलट कापताय." त्यांनी एक हात छातीवर ठेवला आणि दुसऱ्यानं पुढचा रस्ता दाखवला. मग म्हणाले, "घरी नगं. तुमच्या दारात न्या गाडी."

उरलेली वाट कशी गेली ते मला आठवत नाही. आता मामांबरोबर आबाही खाट धरायचे, हीच धास्ती. आमच्या दारात आबा नवा फेटा बांधून माणसांत बसले होते. गाडीतून व्याही उतरताना दिसले आणि त्यांच्या हातातली चहाची बशी कलंडली.

सासरे माझ्या खांद्याचा आधार घेत पुढे गेले. "इवाई, पोरानं गाडीचं पाटं काढलं आन् बापानं माझी खुर्ची काढली. गाडी तर मऊ झाली. बघू, तुमास्नी खुर्ची किती मऊ लागती." आणि आबांच्या शेजारी बसून त्यांनी चहा मागितला. आबांना ठसका लागला. मग दोघं एकदमच हसायला लागले. मी मात्र उंबऱ्यावर मटकन बसलो, आणि डॉक्टरांना बोलवायचं ते माझ्यासाठी, असं सासूबाई म्हणाल्याचं मला पुसटसं ऐकू आलं.

पुढच्या कांद्याच्या खेपेला गाडीनं खरंच बूड टेकलं. काढलेले पाटे पुन्हा चढवले आणि ती पूर्ववत उडायला लागली. सासरे त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. गाडीत बसण्याआधी वाकून चाकांकडे बघायचे, सगळे पाटे जागेवर आहेत याची खात्री करायचे आणि मगच पाय वर टाकायचे.

"मऊ असली तर मी न्हाई येत," म्हणायचे. "बातमी असती तिच्यात."