त्रिकोणमितीचे पारायण

मला "नाही" म्हणता येत नसे. कॉलेजातल्या पहिल्या आश्विनात माझ्यावर जे ओढवले, त्याचे मूळ एवढेच होते.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. वडील लालबागच्या एका गिरणीत मागावर कापड विणीत. आईला अक्षरओळख नव्हती. कॉलेजातली मुले बहुतेक गिरगावातली, कारकुनांची आणि वकिलांची. त्यांच्या बोलण्याची तऱ्हा वेगळी, धोतर नेसण्याची तऱ्हाही वेगळी. त्यांच्यातल्या कोणी मला एखादे काम सांगितले, की यांनी आपल्याला आपले म्हटले असे मला वाटे, आणि काम काय आहे हे नीट ऐकण्याआधीच मी मान हलवीत असे.

अशी मान हलवून हलवून भाद्रपद संपेपर्यंत मी वक्तृत्वसभेचा चिटणीस झालो होतो. कोणी काय भाषण केले हे एका जाड वहीत लिहून ठेवायचे. क्रिकेटच्या सामन्यात धावा मांडायला मीच, कारण मला खेळता येत नव्हते. शिवाय दिवाळीनंतरच्या ग्यादरिंगसाठी एक नाटक बसत होते. त्यात पडद्याआडून नटांना विसरलेली वाक्ये सांगण्याचे काम माझ्याकडे आले. नाटकाची नायिका म्हणजे माझा गिरगावातला मित्र. आजोबा भिक्षुकी करीत, वडील सरकारी कचेरीत कारकून, आणि हा दोघांचीही हुबेहूब नक्कल करी. त्याला स्वतःचे एकही वाक्य पाठ नव्हते, त्यामुळे मीच आडून सबंध नायिका बोलत असे आणि तो पुढे नुसता पदर सावरीत असे.

या सगळ्यात त्रिकोणमिती राहून गेली.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉलेजची परीक्षा होती. तीत जो नापास होईल त्याचा फॉर्म युनिव्हर्सिटीकडे जाणार नाही, म्हणजे पहिल्या वर्षाच्या प्रीव्हिअस परीक्षेला बसणे नाही, म्हणजे वर्ष गेले. वर्ष गेले तर मी पुन्हा कॉलेजात दिसणार नाही हे मला पक्के ठाऊक होते. गिरणीत माणसे भरती करणाऱ्या जॉबरने माझ्यासाठी एक जागा आधीच हेरून ठेवली होती आणि तो वडिलांना तसे अधूनमधून ऐकवीतही असे. बाकीचे विषय मी कसेबसे सावरले असते. त्रिकोणमिती मात्र मला काळ्या दगडासारखी होती.

गणिताचे प्रोफेसर इंग्रज साहेब होते, उंच आणि तांबूस. त्यांनी माझी आणि मित्राची वही पाहिली आणि कपाटातून स्वतःचे पुस्तक काढून आमच्या हाती ठेवले. समासात त्यांनी स्वतःच्या हाताने उदाहरणे सोडवून ठेवली होती. दोघांनी वाटून वाचा आणि परीक्षेच्या दिवशी जसेच्या तसे परत आणा, असे त्यांनी बजावले. आधी पुस्तक मित्राने नेले. त्याने ते उघडले असावे असे वाटत नाही. अष्टमीच्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. माझ्या हातात दोन दिवस उरले होते.

घरी जाऊन मी पुस्तक फळीवर ठेवले आणि आईला सांगितले की याला कोणी हात लावू नका, याच्यावर माझे सगळे आहे. नाटकाची वही आणि वक्तृत्वसभेची वही तिथेच ठेवली. त्या दुसऱ्याच्या आहेत, त्याही जपा, असे म्हणालो. हे इतक्या गांभीर्याने सांगायला नको होते.

दुसऱ्या दिवशी नवमी आणि रविवार. सकाळी गिरगावात तालीम. "नाही" म्हणता आले नाही म्हणून गेलो. दुपारी परत येऊन पाहतो तो खोलीच्या कोपऱ्यात पाट मांडलेला, भोवती रांगोळी, पाटीवर सरस्वती काढलेली. पाटावर तळाशी वक्तृत्वसभेची वही, तिच्यावर नाटकाची वही, आणि सर्वांच्या वर साहेबांचे पुस्तक. त्याच्यावर हळदकुंकू, अक्षता आणि एक टपोरे झेंडूचे फूल. शेजारी वडिलांनी गिरणीतून आणलेला मागाचा लाकडी धोटा, त्यालाही कुंकू.

गिरगावातल्या घरांत हे कसे करतात ते मला पुढे कळले. पूजेत एखादी जुनी पोथी मांडायची आणि परीक्षेची पुस्तके आधीच हळूच बाजूला काढून ठेवायची. आमच्याकडे ही युक्ती कोणाला ठाऊक असणार? आईने घरात अक्षर म्हणून जे होते ते सगळे पाटावर मांडले होते, आणि ज्याच्यावर माझे सगळे आहे असे मी म्हणालो होतो ते मानाने सर्वांत वर. सबंध चाळीत दुसरे पुस्तक नव्हते. शेजारपाजारच्या बायका सकाळपासून येऊन फुले वाहून गेल्या होत्या.

मी नुसता हात पुढे केला तर आई म्हणाली, "हात लावू नको. उद्या सांजेपर्यंत देवी बसली आसा."

मी चाचरत परीक्षेचे सांगितले. ती शांतपणे म्हणाली की परीक्षेसाठीच तर हे केले आहे. दसऱ्याची संध्याकाळ झाल्यावर पुस्तक हाती येणार, आणि सकाळी परीक्षा. मी उंबऱ्यावर बसलो आणि त्या झेंडूच्या फुलाकडे बघत राहिलो.

चारच्या सुमाराला मित्र आला. त्याला नाटकाची वही हवी होती. दसऱ्याच्या सुट्टीत निदान एक प्रवेश पाठ करीन अशी शपथ त्याने नाटकमंडळींपुढे घेतली होती. त्याने पाटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, उपरणे खांद्यावर नीट घेतले, आणि त्याचा चेहरा बघता बघता त्याच्या आजोबांचा झाला.

"काकू," तो आईला म्हणाला, "पूजा फार छान मांडलीत. पण वाचन कधी आहे?"

आईला कळेना. तेव्हा त्याने सावकाश समजावले की नवरात्रात पोथी नुसती ठेवून भागत नाही, तिचे पारायण करावे लागते. पोथी जागची हलवायची नाही, हात लावायचा नाही. पाटावरच उघडायची, समोर बसून वाचायची आणि पान आंब्याच्या डहाळीने उलटायचे. डहाळीचे त्याला त्या क्षणीच सुचले असणार.

आईने वडिलांकडे पाहिले. वडील भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी विचारले, पोथी कसली आहे? मित्र जराही अडखळला नाही. त्याने दाराच्या तोरणातली एक डहाळी काढली, तिच्या टोकाने पान उघडले आणि आतल्या आकृत्या दाखवल्या.

"त्रिकोणाची," तो म्हणाला. "देवीचं यंत्र पाहिलंत ना? तेही त्रिकोणांचंच."

आईने हात जोडले. खरे काय ते सांगून टाकावे असे मनात आले, पण तेवढ्यात आईने माझ्यासाठी दुसरा पाट मांडलाही होता.

मी अंघोळ करून बसलो. बातमी चाळीत पसरायला वेळ लागत नाही. पहिले पान संपायच्या आत खोलीत दहाबारा माणसे आणि बाहेर तितकीच. मी इंग्रजीतून वाचू लागलो. कोन, बाजू, त्यांची गुणोत्तरे. चाळीला संस्कृत जेवढे कळत होते तेवढेच इंग्रजी कळत होते, म्हणून कोणालाच काही वावगे वाटले नाही. एक सिद्धता संपली की मी श्वास घ्यायला थांबे आणि सगळे नमस्कार करीत. मित्र बाजूला बसून डहाळीने पाने उलटी. मधूनमधून तो उपरण्याने तोंड पुसत होता. तो काय पुसतो आहे ते मला ठाऊक होते, म्हणून मी त्याच्याकडे बघतच नव्हतो.

पहिला भाग संपला तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, "वाचलंस बरा. पण अर्थ सांगल्याशिवाय पोथीचा पुण्य लागणा नाय."

हे मित्राच्या हिशेबात नव्हते. त्याने घाईघाईने पान उलटले. पण माणसे वाट बघत होती. मी साहेबांच्या समासातल्या उदाहरणाकडे पाहिले. तिथे एक मनोरा होता आणि त्याची उंची काढायची होती. मनोरा आमच्या चाळीत कोणी पाहिला नव्हता. दारातून गिरणीची चिमणी मात्र दिसत होती.

मी म्हणालो, समजा आपल्या गिरणीची चिमणी किती उंच आहे ते काढायचे आहे, आणि वर चढायचे नाही. जमिनीवर एक काठी उभी करा. उन्हात काठीची सावली आणि चिमणीची सावली एकाच तिरपेपणाने पडतात. काठीची सावली बरोबर काठीएवढी होईल त्या घटकेला चिमणीची सावलीही चिमणीएवढीच असणार. मग सावली मोजली की झाले.

म्हातारीने विचारले, आणि सावली काठीच्या दुप्पट झाली तर? मी म्हणालो, तर सावलीच्या निम्मी चिमणी. मग एकाने विचारले, कोणत्याही वेळी मोजली तर? काठीला तिच्या सावलीने भागायचे आणि येईल त्या आकड्याने चिमणीची सावली गुणायची, असे सांगता सांगता मी एकदम थांबलो. त्या भागाकारालाच साहेब इंग्रजीत टँजंट म्हणत होते. चार महिने फळ्यावर जे नुसते अक्षर होते, ते म्हातारीला समजावताना मला कळले.

त्यानंतर मी थांबलो नाही. दिवे लागेपर्यंत तीन भाग वाचले आणि तिन्हींचा अर्थ सांगितला. शेवटी आरती झाली. तिला आवाज माझ्या मित्राचाच सर्वांत मोठा होता. जाताना त्याने माझ्या कानात हळूच विचारले, आता नाटकाच्या वहीचेही पारायण होऊन जाऊ दे का? मी त्याला जिन्यापर्यंत ढकलत नेले.

दसऱ्याच्या सकाळी मी आणखी दोन भाग वाचले. मग वडील म्हणाले, चल. गिरणी बंद होती आणि दरवान ओळखीचा. चाळीतली आठदहा माणसे बरोबर आली. मी काठी उभी केली आणि आम्ही बसून राहिलो. काठीची सावली हळूहळू आखडत काठीएवढी झाली, तसा मी ओरडलो. चिमणीच्या भिंतीपासून सावलीच्या टोकापर्यंत दोर ताणला आणि हाताने मोजला. नव्वद हात भरला. मी तो आकडा मोठ्याने सांगितला. लोकांनी माना डोलावल्या. म्हातारीने तर चिमणीलाच नमस्कार केला.

बाकीचे पांगल्यावर वडील चिमणीपाशीच उभे राहिले.

"साडेचार हात कमी इलो," ते म्हणाले.

मी विचारले, तुम्हाला कसे ठाऊक?

"ही बांधताना मी विटा व्हायल्यात. वरसून दोर सोडलेलो, तो मीच मोजलेलो." मग त्यांनी चिमणीच्या बुडाला हात लावला. "टोक खंय असता? मधोमध. मगे तू भिंतीपासून कशाक मोजलंस?"

चिमणीच्या बुडाची निम्मी जाडी मी विसरलो होतो. आम्ही दोर धरून ती मोजली. साडेचार हात, बरोबर.

परत येताना ते आपणहून म्हणाले, "पोथी ऐकताना कोण हसता? तुझो दोस्त उपरण्याआड हसत होतो."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. मी विचारले, मग तुम्ही वाचू कसे दिलेत?

"तू हसत नाय होतंस," ते म्हणाले. पुढे घरापर्यंत दुसऱ्याच गोष्टी बोलत राहिले, आणि आईला यातले काही सांगितले नाही.

परीक्षेत चिमणी नव्हती. खडकावरचा एक दीपस्तंभ होता, आणि अंतर त्याच्या बाहेरच्या भिंतीपासून दिले होते. रुंदी वेगळी सांगितली होती. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ती रुंदी म्हणजे उगाच दिलेली माहिती समजून सोडून दिली. मी निम्मी रुंदी मिळवली. बाकीच्या उदाहरणांत माझी धांदलच उडाली, एक तर अर्धे सोडून द्यावे लागले. आठवड्याने यादी लागली तिच्यात माझे नाव शेवटून दुसरे होते. शेवटचे मित्राचे. दोघांचेही फॉर्म गेले.

पुस्तक परत करायला मात्र मी तो आठवडाभर टाळाटाळ केली होती. पानांवर कुंकवाचे डाग होते, शिवणीत अक्षतांचे दाणे अडकले होते, आणि टँजंटच्या पानात झेंडूच्या पाकळ्या दबून पिवळा ठसा उमटला होता. मी पुसायला गेलो तर डाग आणखी पसरला. यादी लागल्यावर धीर करून गेलो. साहेबांनी पुस्तक उघडले. दोन तांदूळ टेबलावर पडले. ते त्यांनी बोटाने उचलून उजेडात धरले आणि हे काय म्हणून विचारले.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळे सांगितले. वर्षातून एक दिवस आम्ही पुस्तकांची पूजा करतो. माझ्या आईने तुमच्या पुस्तकाची केली. तिला ते तुमचे आहे हे ठाऊक नव्हते.

"आणि त्या दिवशी तुम्ही पुस्तक वाचत नाही?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, नाही, हात लावायचा नसतो.



"असं आहे तर," ते म्हणाले. "म्हणजे माझ्या वर्गात बाराही महिने दसराच असतो."

मी हसावे की नाही हे मला ठरवता येईना, म्हणून मान हलवली. त्यांनी ते तांदूळ पुन्हा पुस्तकात ठेवले आणि पुस्तक कपाटात लावले.

पुढच्या वर्षी नवमी जवळ आली तशी शेजारची म्हातारी दारात येऊन आईला विचारू लागली, की यंदा चिमणीची पोथी वाचणार की नवी आणणार. मी तर्कशास्त्राचे पुस्तक आधीच फळीवरून काढून गाठोड्यात लपवले होते. आई माझ्याकडे बघत होती, वडील धोटा पुसत होते. मला "नाही" म्हणता आले नाही. मी गाठोडे सोडले.