दोन बॅटऱ्यांमधली वायर

भीती मला उशिराच कळली. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे ज्याचं कारण माहीत आहे त्याला घाबरायचं नसतं, असा माझा तोरा होता.

बायकोची फुप्फुसं निकामी होत चालली आणि तिला दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लागू लागलं, तेव्हा मी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. मागे पलंग टाकला, पंखा बसवला आणि मशीनसाठी इन्व्हर्टर व एक जादा बॅटरी ठेवली. इंजिन चालू असलं की दोन्ही बॅटऱ्या चार्ज होणार. परळीतल्या वायरिंगवाल्यानं बजावलं होतं, "सर, मधी रिले टाकावाच लागंल. इंजिन बंद झालं की तो दोन्ही ब्याटऱ्या अलग करतो. न्हाईतर मशीन गाडीची ब्याटरी बी पिऊन टाकंल." हा माझाच जुना विद्यार्थी. तो मला विज्ञान शिकवतोय, याचाच राग आला. "नववीत दोनदा बसला होतास ना तू?" असं म्हणून मी त्याला वाटेला लावलं आणि घरी येऊन जाड वायरीनं दोन्ही बॅटऱ्या सरळ जोडून टाकल्या.

महिनाभर सगळं झकास चाललं. मग आष्टीला तिच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. निघताना मी ऑक्सिजनचा सिलिंडर घरीच ठेवला. बॅटरी आहे ना, म्हटलं.

तेलगावच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी झाली होती. भर दुपारी रस्ता उसानं भरून गेलेला. मी गाडी शेतात उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी, लिंबाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. उभ्या गाडीत डिझेल जाळणं मला बघवत नाही. मागे मशीनची घरघर चालू होती. मी पेपर उघडला.

पाऊण तासानं इन्व्हर्टर केकाटायला लागला. मी निवांतपणे किल्ली फिरवली. नुसतं टिक झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा टिक. त्या विद्यार्थ्याचा शब्द न् शब्द आठवला. मशीन चालू होतं तोवर स्टार्टरला करंट मिळणार नव्हता. बंद केलं तर कदाचित मिळाला असता. म्हणजे बायकोचा श्वास मी माझ्या हातानं तोडायचा. मागे जाऊन बटणावर बोट ठेवलं, पण ते दाबवेना.

"सरा बाजूला," ती म्हणाली, आणि बटण तिनंच बंद केलं.

मी पुढे येऊन किल्ली फिरवली. इंजिन दोनदा कण्हलं आणि गप्प झालं. मागून तिचा श्वास ऐकू येत होता, आखूड आणि घाईघाईचा. मी खाली उतरून ट्रॉलीकडे धावलो. सांडलेला ऊस भरणाऱ्या टोळीतली एक बाई माझा चेहरा बघून जवळ आली. तिनं आत डोकावलं आणि बाकीच्यांना हाक मारली.

"काका, तुमी बसा गाडीत," त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला. "सेकंड गेरात ठिवा. पुढं उतार हाय, आमी ढकलतो."

पहिल्यांदा नुसता हिसका बसला. दुसऱ्यांदाही तेच. आरशात ती दिसत होती. ओठ जांभळे, डोळे माझ्यावर. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ही आता इथंच जाणार आणि माझ्यामुळे जाणार, एवढंच डोक्यात होतं. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. मी गिअर काढून हँडब्रेक ओढला. म्हाताऱ्यानं वाकून हातानं ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि मी मागे धावलो. मशीन लावलं. नळी तिच्या नाकाला मला नीट लावता येईना, शेवटी तिनंच ती बसवली. ओठांचा रंग परत यायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही.

आष्टीला मेहुण्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, आत डोकावून बघितलं. "दाजी, वायरिंग कुनाकडून केली? लई भारी हाय."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती पलंगावरून म्हणाली, "कुनाकडून कशाला? ह्यांनी सोताच्या हातानं केलीया."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी तिथल्या तिथं सगळं कबूल केलं असतं. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी म्हणालो, "हो, मीच केली."