विंचवाचं पिल्लू

घरावरची जुनी कवेलं उतरवून आम्ही टिनाचं छप्पर घातलं होतं. उतरवलेली कवेलं मागच्या भिंतीला रचून ठेवली, ती तशीच राहिली. उन्हाळ्यात मी ती हलवायला घेतली तेव्हा तळाच्या ओलीत एक काळा विंचू निघाला. तळहाताएवढा, जंगलात असतो तसला. मी चप्पल उचलली आणि थांबले. त्याचं पोट दोन्ही बाजूंनी गाभण शेळीसारखं फुगलं होतं. पाठीचे काळे पट्टे एकमेकांपासून सरकले होते आणि मधलं पांढुरकं कातडं ताणलेलं दिसत होतं. ही मादी असावी असं मला वाटलं.

मी तिला चिमट्यानं उचलून फुटक्या माठात टाकलं. दया आली म्हणून नाही. प्राणी मारू नये हे पंचशिलातलं पहिलं शील रोज म्हणतो, पण विंचवाच्या बाबतीत आमच्या मोहल्ल्यात कोणी ते पाळत नाही, मीही नाही. मला एक गोष्ट पाहायची होती.

मी जन्मले तेव्हा आई मेली. आमच्याकडे सगळे सांगतात की विंचवाची पिल्लं मायेचं पोट फाडून निघतात आणि तिलाच खाऊन मोठी होतात. म्हणून आजी मला ईचवाचं पिल्लू म्हणायची. आजी गेली, शब्द माझ्या मोठ्या बहिणीकडे राहिला. तिला मी बाई म्हणते. आई गेली तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. आता आम्ही दोघी विधवा एका घरात राहतो, चामोर्शीच्या बाजाराला सोबत जातो, एका डबीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो. भांडण झालं की ती तोच शब्द काढते. माझे केस पांढरे झाले तरी मी पिल्लूच.

चौथीपर्यंत मी शाळेत गेले. तिथे गुरुजींनी म्हण शिकवली होती, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. मायेला खाल्लं तर बिऱ्हाड कोणाच्या पाठीवर? हे मी गुरुजींना विचारलं नाही, पण डोक्यातून गेलंही नाही.

बाईनं माठात डोकावून पाहिलं.

"हे काय आनलं वं?"

"गाभन हाय वाट्टे."

"गाभन! खाऊन खाऊन फुगली असन, तुयासारखी."

"पाहू ना."

"पाय बाप्पा. पोट फुटून मरन तवा मले बोलाव."

माठात मी ओली माती घातली, वर कवेलाचा तुकडा आडवा ठेवला. तिनं त्याखाली कोरून जागा केली. तोंडावर भोकं पाडलेला पत्रा आणि त्यावर दगड. खायला मोरीतली झुरळं, बांधावरचे नाकतोडे. जिवंतच लागतात, मेलेल्याला ती शिवत नाही. बाटलीच्या झाकणात पाणी आणि त्यात एक खडा. माती सुकली की ती झाकणाशी येऊन पाण्याला तोंड लावून बसायची. उपाशी ती बरेच दिवस राही, पण तहान तिला सोसत नसे. म्हणून झाकण रोज भरायचं.

शेजारचा पोरगा तलावात मासे धरतो. तो एकदा खांद्यावर जाळं घेऊन आला.

"आजी, लोकं कुत्रं पाळते, बकरी पाळते. तुम्ही हे काय पाळून राह्यले?"

"दूध देते का पाहून राह्यली."

तो हसला. मग म्हणाला, "पिल्लं घरात सुटली तं?"

ते बरोबर होतं. मी पत्र्यावर आणखी एक दगड ठेवला.

पावसाळा लागला, धानाची रोवणी झाली, तरी ती फुगलेलीच. बाई टोमणे मारायची, आणि मलाही वाटायला लागलं की ही नुसती खादाड आहे. मग तिनं खाणं सोडलं. नाकतोडा अंगावरून गेला तरी हलेना. बाई सकाळी उठली की चहाच्या आधी माठाकडे जायला लागली. तिला ती मेलेली हवी होती, मला जिवंत.

एका सकाळी पत्रा काढला तर पाठ पांढरी. बुरशी धरली, मेली, असं वाटलं. मग ते पांढरं हललं. भाताच्या शितांसारखी पिल्लं एकावर एक बसली होती. दोन अजून खाली होती आणि तिच्या पायांवरून वर चढत होती. पुढचे आकडे तिनं जमिनीला टेकून धरले होते. पोट कुठेच फाटलं नव्हतं.

बाईनं चष्मा लावला. "मेली नाई?"

"नाई."

"मरन. थांब."

आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी एक पिल्लू खाली पडलं आणि परत चढेना. तिनं ते आकड्यात धरलं आणि खाल्लं. पाहिलं म्हणून लिहिते.

"पाय," मी म्हटलं, "कोन कोनाले खाते ते."

बाईनं पत्रा ओढून माठावर ठेवला.

पुढे पिल्लांनी कात टाकली, रंग गडद झाला, आणि ती एकेक करून पाठीवरून उतरली. आई चिपाडासारखी झाली होती, पण चालत होती. ती झाकणाशी आली. झाकण रिकामं होतं. मी उठायच्या आत बाईनं लोट्यातलं पाणी ओतलं. निम्मं बाहेर सांडलं. विंचवी पाण्याला तोंड लावून बसली.

"तू इले रोज पानी देत व्हती?"

"देत व्हती. पान्याबिगर जगन कशी?"

बाई भिंतीला टेकून खाली बसली.

"माय पानी मांगत व्हती. तू झाली अन् रगत थांबेच ना. सुईन म्हने, बायतिनीले पानी देऊ नोका. आजी दारात बसली, कोनाले आत जाऊ देईना. मी लोटा घेऊन उभी व्हती. मंग मायचं मांगनं बंद झालं."

"लोटा भरला व्हता?"

"भरला व्हता."

"मंग मले काऊन म्हनत व्हती, मायले खाल्लं म्हनून?"

"आजीले म्हनता येते का? कोनाले तं म्हना लागते."

पाण्यानं आई वाचली असती असं मी म्हणत नाही. इतकं रक्त गेलं की माणूस जातो. पण तहानेली जायला नको होती.

माठ आम्ही दोघींनी धरून तलावाच्या पलीकडे वारुळापाशी नेला आणि आडवा केला. ती निघून गेली, पिल्लंही निघाली. बाईनं झाकण धुऊन घरी आणलं. कशाला, ते मी विचारलं नाही.

भांडणं थांबली नाहीत. परवाच सरपणावरून झालं. बाईनं तोंड उघडलं, शब्द ओठावर आला, आणि ती तशीच राहिली. मग म्हणाली, "भात करपला तुया."

करपला होता.