साहेबांची फिशआय

आमच्या ताईला लोक शांत समजतात. लोकांना काय कळतंय! मी चिडले की भांडी आपटते आणि अर्ध्या तासात विसरते. ताई भांडं वाजू न देता अकरा वर्षं डूख धरून बसते. हे मी कौतुकानेच सांगतेय.

ती कॅमेऱ्याच्या दुकानात लेन्सच्या काउंटरवर असते. खांद्यावर मऊ फडकं, खिशात धूळ उडवायचा रबरी फुगा आणि तोंडी एकच प्रश्न, "कॅमेरा कोणता?" गिऱ्हाईक कितीही घाईत असो, लेन्स त्याच्याच कॅमेऱ्यावर लावून दुकानात एक फोटो काढल्याशिवाय ती पिशवीत घालू देत नाही. तिच्या हातून चुकीची लेन्स गेली असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

त्याआधी ती एका स्टुडिओत मदतनीस होती. मालकाला सगळे साहेब म्हणायचे. रिवाज असा, की बटण कोणीही दाबो, फोटोखाली नाव साहेबांचं. पासपोर्टच्या फोटोंपुरतं ते ठीक होतं. पण एका सुट्टीच्या दिवशी ताईने स्वतःच्या जुन्या फिशआय लेन्सने, म्हणजे माशाच्या डोळ्यासारख्या फुगीर काचेच्या लेन्सने, क्रीडासंकुलात एक फोटो काढला. तिथे स्केटबोर्डसाठी काँक्रीटचा खोल, गुळगुळीत खड्डा आहे. मुलं त्याला वाटी म्हणतात. एका काठावरून सुटायचं आणि समोरच्या काठावरून थेट हवेत. ताई त्या काठाला डोकं लावून पाठीवर आडवी पडली होती, आणि एक मुलगी तिच्या वरून उडाली. फोटोत चाकं अंगावर येतात, वाटीचा काठ धनुष्यासारखा वाकतो, आणि मुलीच्या मागे सगळं आभाळ.

ताईने तो स्टुडिओत दाखवला, तर साहेबांनी तो मोठा करून संकुलाच्या दारात लावला. खाली पितळी पट्टी, पट्टीवर स्वतःचं नाव. आयत्या बिळावर नागोबा! ताईने विचारलं तर म्हणाले, "बटण कोणी दाबलं याला काय अर्थ आहे? नजर मीच शिकवली ना?" तिने त्याच दिवशी नोकरी सोडली. पण संकुल आमच्या बसच्या रस्त्यावर आहे. तिथे बस थांबली की ताई खिडकीकडे पाठ करायची. तिला बाकी काही नको होतं, त्या पट्टीवर आपलं नाव हवं होतं.

तर यंदा साहेब तिच्याच काउंटरवर हजर. मी डबा द्यायला गेले होते, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"अगं, तू इथे असतेस होय? बरं झालं. मला एक फिशआय दे. संकुलवाल्यांना तसाच नवा फोटो हवाय, नव्या मुलीचा. रविवारी, सगळ्यांसमोर काढायचाय." मग जरा आवाज उतरवून, "ती कोणती होती गं लेन्स?"

ऐकलंत? फोटो म्हणे यांचा, आणि लेन्स आमच्या ताईला विचारतात! मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने डोळ्यांनी मला गप्प केलं.

"कॅमेरा कोणता?"

"फुल-फ्रेम, मोठ्या सेन्सरचा. सगळ्यात नवा."

कपाटात दोन फिशआय होत्या, आठ मिलिमीटरची आणि पंधराची. साहेबांनी आठवर बोट ठेवलं. "आकडा लहान, म्हणजे दिसतं जास्त. हीच दे."

इतकी वर्षं ताईची बहीण आहे, एवढं मलाही कळतं. फुल-फ्रेमवर आठची लावली की मधे गोल चित्र आणि भोवती काळं, दाराच्या भोकातून पाहिल्यासारखं. रविवारी, सगळ्यांसमोर! दे, दे, मी मनात ओरडत होते. पण ताईने आठची लावून त्यांना तो काळ्यातला गोल दाखवला. मग पंधराची लावली. चारही कोपरे भरले.

"तुमच्या कॅमेऱ्याला ही. पुढची काच फुगीर आहे, जपा. आणि हिच्यात सगळं लांब पळतं. खेळाडू हातभर अंतरावर आला तरच फोटो. काठाला डोकं लावून झोपावं लागेल."

"मला शिकवतेस?" साहेब हसले. "रविवारी तूही ये. बॅग धरायला कोणीतरी लागेलच."

"येते," ताई म्हणाली.

ते गेले आणि मी उसळले. "आठची का नाही दिलीस? सूड ताटात वाढून आला होता!"

ताई काच पुसत होती. "चुकीची दिली असती तर त्याने लेन्सला नावं ठेवली असती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारा माणूस आहे तो. मी अंगण सपाट करून दिलंय. आता नाचू दे."

रविवारी वाटीभोवती खेळाडू, त्यांचे आईबाप आणि संकुलाच्या मॅनेजरबाई. कॅमेऱ्याला मोठा पडदा जोडलेला. साहेब पांढऱ्या इस्त्रीच्या पँटमध्ये. "लेन्स मी स्वतः पारखून घेतलीय," हे त्यांनी येताच चारचौघांत सांगून टाकलं. मग काठापासून चार पावलं मागे, कठड्यापाशी उभे राहिले. पँट मळेल ना!

मुलगी उडाली. पडद्यावर अफाट आभाळ, खाली साहेबांचे चकचकीत बूट, आणि मधोमध वाटाण्याएवढी मुलगी. पुन्हा काढला. पुन्हा वाटाणा. कोणीतरी खुसखुसलं. साहेबांनी लेन्सकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. पारखून घेतली होती ना!

मॅनेजरबाईंनी साधेपणाने विचारलं, "साहेब, तो जुना फोटो काढताना कुठे उभे होतात तुम्ही?"

साहेब कॅमेऱ्याची बटणं चाळू लागले. माझा जीव असा थंड झाला म्हणून सांगू!

ताईने बॅग त्यांच्या पायाशी ठेवली. "उभं नव्हतं कोणी," ती म्हणाली. "आडवं पडलं होतं. दाखवते." तिने त्यांच्या हातातून कॅमेरा घेतला, आणि दुकानाच्या गणवेशातली माझी पन्नाशीची बहीण काठाला डोकं लावून आडवी झाली. "बाळ, माझ्याकडे बघू नकोस. रोजच्यासारखी ये."

चाकं तिच्या नाकावरून वीतभर अंतराने गेली. एकच फोटो काढला.

पडद्यावर तीच चाकं, तोच वाकलेला काठ, तेच आभाळ. मॅनेजरबाईंनी पडद्याकडे पाहिलं, दारातल्या जुन्या फोटोकडे पाहिलं, मग साहेबांकडे. आणि काही न बोलता पान्हे-स्क्रूड्रायव्हरची पेटी आणायला ऑफिसात गेल्या.

आता दारात दोन्ही फोटो आहेत. दोन्ही पट्ट्यांवर ताईचं नाव आहे. बसमध्ये खिडकीसाठी ती माझ्याशी भांडते.

फिशआयला मात्र कडेचंही सगळं दिसतं. नव्या फोटोत उजव्या कोपऱ्यात कठड्यापाशी साहेब आले आहेत, माशीएवढे, तोंड उघडं, पायाशी बॅग. फ्रेम करताना मॅनेजरबाईंनी विचारलं होतं, "हा कोपऱ्यातला माणूस कापून टाकू का?"

"नको," ताई म्हणाली. "बॅग धरायला कोणीतरी लागेलच."